गोळी मोजली जाते, पोर नाही

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि सतत चळवळ करणं हा आजार, असलेल्या मुलाला औषध द्यावं की नाही, हा वाद आपल्याकडे दोन वाक्यांत उरकला जातो. शाळेच्या गेटवर ऐकू येतं, "त्या गोळ्यांनी पोरगं बुटकं राहतं." दवाखान्यात ऐकू येतं, "तसं काही नसतं, मोबाइलवरचं वाचून घाबरू नका." साताऱ्यातल्या एका पालकसभेत मध्यंतरी याच दोन वाक्यांची लढाई झाली आणि ज्याचा आवाज मोठा तो जिंकला. माझ्या मते दोन्ही वाक्यं चूक आहेत. औषधाने वाढ मंदावते, हे खरं आहे. ती सरासरीने थोडीच मंदावते, हेही खरं आहे. पण आपल्या घरातल्या, समोर बसलेल्या मुलाची किती मंदावली, हे सभेतल्या एकालाही सांगता येत नव्हतं, कारण औषध सुरू करण्याआधी त्याची उंची किती होती हे कुणी लिहूनच ठेवलं नव्हतं. वाद खरा इथे व्हायला हवा. उंचीच्या भीतीने औषध नाकारणं चूक आहे. उंची न मोजता औषध देत राहणं ही त्याहून मोठी चूक आहे, आणि तिच्यात डॉक्टर, शाळा, सरकार आणि आपण पालक असे सगळेच भागीदार आहोत.

ही शंका मोबाइलने जन्माला घातलेली नाही, हे आधी मान्य करू. १९३७ मध्ये अमेरिकेतल्या ईस्ट प्रॉव्हिडन्स शहरात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या मुलांना बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिलं आणि मुलं अभ्यासाला बसू लागली. आज भारतात या आजारासाठी प्रामुख्याने वापरलं जाणारं मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत तयार झालं. १९७० साली ओमाहा शहरातल्या शाळकरी मुलांना अशी औषधं मोठ्या प्रमाणावर दिली जात असल्याची बातमी वॉशिंग्टन पोस्टने छापली. बातमीतले आकडे पुढे वादग्रस्त ठरले, पण गदारोळ इतका झाला की अमेरिकी संसदेत त्याच वर्षी सुनावणी झाली. उंचीचा ठोस पुरावा मात्र त्या गदारोळातून आला नाही. तो १९७२ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधल्या एका लहानशा लेखातून आला. डॅनियल सेफर, रिचर्ड अॅलन आणि एव्हलिन बार हे त्याचे लेखक. त्यातल्या एव्हलिन बार या परिचारिका होत्या. औषध चालू असलेल्या मुलांची उंची आणि वजन अपेक्षेपेक्षा कमी वाढतंय, हे त्यांनी नोंदी लावून दाखवलं. भाषणं करणाऱ्यांना जे दिसलं नव्हतं ते वजनकाटा आणि पट्टी हाती घेतलेल्यांना दिसलं. या सगळ्या इतिहासातून मला एवढीच एक गोष्ट उचलावीशी वाटते.

पुढे वारं फिरलं. १९९६ मध्ये बॉस्टनच्या थॉमस स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी मांडलं की उंचीतली ही तफावत औषधाची नसून एडीएचडीचीच असावी. या मुलांची वाढ जरा उशिरा होते आणि मोठेपणी ती भरून निघते. डॉक्टरमंडळींना हायसं वाटलं. "तसं काही नसतं" या वाक्याचं मूळ बहुधा तिथेच आहे. पण विज्ञान तिथे थांबलं नाही, फक्त आपल्या दवाखान्यांपर्यंत पुढचं पोचायला उशीर झाला. एमटीए नावाच्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ७ ते ९ वर्षांची ५७९ मुलं होती. २००७ मध्ये त्यांचे तीन वर्षांचे आकडे आले: सलग औषध घेतलेली मुलं औषध न घेतलेल्यांपेक्षा सुमारे २ सेंटिमीटरने बुटकी आणि २.७ किलोने हलकी होती. हीच मुलं पंचविशीत पोचल्यावर पुन्हा मोजली गेली. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की सातत्याने किंवा अधूनमधून औषध घेतलेल्यांची उंची, नाममात्र औषध घेतलेल्यांपेक्षा सरासरी २.५५ सेंटिमीटरने कमी भरली, आणि सातत्याने घेणारे अधूनमधून घेणाऱ्यांपेक्षाही बुटके निघाले. म्हणजे मोठेपणी सगळं भरून निघतं, हा दिलासा सातत्याने औषध घेणाऱ्यांच्या बाबतीत टिकला नाही. शाळेत जाण्याआधीच्या, ३ ते साडेपाच वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास तर आणखी स्पष्ट होता. त्यांची उंची वर्षाला अपेक्षेपेक्षा सुमारे २० टक्के, म्हणजे १.४ सेंटिमीटरच्या आसपास, कमी वाढली. इतक्या लहान मुलांना आधी गोळी नव्हे तर पालकांना वर्तन हाताळण्याचं प्रशिक्षण द्या, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. तेव्हा बालवाडीतल्या पोराला कुणी सरळ गोळी लिहून देत असेल, तर आईबापांनी शंका घ्यावीच.

आता विरोधकांचा सगळ्यात दणकट मुद्दा, आणि तो आपल्या मातीतलाच आहे. अडीच सेंटिमीटर म्हणजे जेमतेम एक इंच, त्याचं काय एवढं, असं पुण्यामुंबईच्या चर्चेत सहज म्हटलं जातं. साताऱ्यात म्हणून दाखवा. अपशिंगे मिलिटरीसारखी सैनिकांची गावं ज्या जिल्ह्यात आहेत, देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये ज्या शहरात निघाली, जिथे पहाटे रस्त्याने भरतीची पोरं पळताना दिसतात, तिथे एका इंचाचा अर्थ वेगळा असतो. महाराष्ट्र पोलिसांच्या शिपाई भरतीत मुलांना १६५ सेंटिमीटर उंची लागते, मुलींना १५५. एकशे चौसष्ट भरली की बाकी सगळं गुंडाळून घरी. आणि १६५ हा काही लांबचा आकडा नाही. आपल्याकडच्या सर्वसाधारण पुरुषाच्या उंचीला तो अगदी खेटून आहे. म्हणजे अडीच सेंटिमीटर इकडे-तिकडे झाले तर काठावरची कितीतरी पोरं पट्टीखाली राहतील. ज्या घरात नोकरीची दुसरी वाट नाही, त्या घरातल्या बापाने उंचीची काळजी करणं हे अज्ञान नव्हे. त्याला हसणाऱ्या डॉक्टरने एकदा भरतीच्या रांगेत उभं राहून पाहावं. शिवाय अभ्यासातली मुलं अमेरिकेतली होती, त्यांचं ताट वेगळं. आपल्याकडचं मूल मुळातच किडकिडीत असेल तर त्याच्यापाशी घालवायला फार काही नसतं.

पण हाच मुद्दा जरा पुढे नेऊन पाहा. त्याच पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण असतात आणि लेखी परीक्षेला १००. दीड तास एका जागी बसून शंभर प्रश्न वाचायचे, 'नाही' हा शब्द नजरेतून सुटू द्यायचा नाही, सोडवलेल्या उत्तराचा गोल नेमका त्याच आकड्यासमोर काळा करायचा. ज्या मुलाचं लक्ष तिसऱ्या प्रश्नाला खिडकीबाहेर जातं, त्याला १६८ सेंटिमीटर उंची घेऊन काय करायचंय? आणि भरतीपर्यंत तरी तो पोचेल का? नववीत नापास, दहावीला बसलाच नाही, मारामारीत नाव, मग काका म्हणतो गाडीवर क्लीनर म्हणून पाठवा. ही कहाणी आपल्या भागात इतकी ओळखीची आहे की तिच्यामागे आजार असू शकतो हेच आपल्याला सुचत नाही. उंचीचा हिशेब मांडताना औषधाच्या बाजूचा खर्च लिहायचा आणि औषध न देण्याच्या बाजूचा कोराच ठेवायचा, हा कुठला न्याय? स्वीडनमध्ये लोकांच्या आरोग्यनोंदी सलग ठेवल्या जातात. तिथे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या पुरुषांनी औषध चालू असतानाच्या काळात केलेले गुन्हे औषध बंद असतानाच्या काळापेक्षा ३२ टक्क्यांनी कमी होते. २०१४ मध्ये वाहन अपघातांचे आकडे आले. पुरुषांमध्ये औषध आणि गंभीर अपघातांत ५८ टक्क्यांची घट यांचा संबंध दिसला. ही प्रौढांची आकडेवारी आहे, मान्य. पण आपल्याकडे तेराव्या-चौदाव्या वर्षी मोटारसायकलवर बसायला लायसन कोण विचारतं?

एक आक्षेप मात्र खरोखर अडचणीचा आहे आणि तो घेणाऱ्यांनी अभ्यास करून घेतलेला असतो. ज्या एमटीए अभ्यासाने उंची कमी झाल्याचं दाखवलं, त्यानेच असंही दाखवलं की वर्षानुवर्षं औषध घेतलेल्यांची लक्षणं मोठेपणी औषध न घेतलेल्यांपेक्षा काही कमी नव्हती. मग इंच घालवून मिळवलं काय? याचं अर्धं उत्तर असं की पहिल्या १४ महिन्यांनंतर कुणी औषध घ्यायचं आणि कुणी सोडायचं हे संशोधकांनी ठरवलं नव्हतं, घरोघरी ज्याचं त्याने ठरवलं. सहसा ज्यांचा त्रास जास्त तेच घेत राहतात. बारा वर्षं बीपीची गोळी घेणाऱ्यांचं बीपी, न घेणाऱ्यांएवढंच निघालं, तर गोळी निकामी होती असं आपण म्हणू का? उरलेलं अर्धं उत्तर मला टाळायचं नाही. हे औषध आजच्या दिवसाला वर्गात बसवतं, पण ते आजार मुळातून काढत नाही, आणि दहा वर्षांनी मुलगा बरा झालेला असेल असं वचन कुणी देऊ नये. म्हणूनच 'सुरू केलं म्हणून चालू' हे या औषधाच्या बाबतीत चालणार नाही. दरवर्षी नव्याने विचारावं लागेल की अजून गरज आहे का. आणि त्या प्रश्नाचं उत्तर देताना समोर उंचीचा कागद नसेल तर उत्तर कशाच्या जोरावर देणार?

असा व्यवहार आपण पूर्वी केलेला आहे. दम्याच्या पंपाचं आठवा. पंपातलं स्टिरॉइड पोराची वाढ खुंटवतं, पंपाची सवय लागते, यावरून सांगली-साताऱ्यातल्या किती घरांत भांडणं झाली असतील. ती भीती पोकळ नव्हती. अमेरिकेत हजाराहून जास्त मुलांवर झालेल्या अभ्यासात चार ते सहा वर्षं रोज ब्युडेसोनाइड हे पंपातलं स्टिरॉइड ओढलेल्या मुलांची प्रौढपणीची उंची सरासरी १.२ सेंटिमीटरने कमी भरली, हे २०१२ मध्ये सिद्ध झालं. म्हणून पंप बंद झाले का? नाही. डॉक्टर कमीत कमी मात्रा शोधू लागले, वाढीवर लक्ष ठेवू लागले, आणि मिरजेच्या दवाखान्यात मूल निळं पडून आणण्यापेक्षा सव्वा सेंटिमीटर परवडला हे आईबापांनाही पटलं. मग डोक्याच्या आजारालाच वेगळा न्याय का? मला वाटतं, कारण असं की श्वास कोंडलेला डोळ्यांना दिसतो. लक्ष न लागणं हा आपण अजूनही मुलाचा नाठाळपणा समजतो, आणि नाठाळपणासाठी सेंटिमीटरभरही किंमत मोजायला कुणी तयार नसतं.

"आमचाबी पोरगा असाच व्हता, बापानं दोन ठेवून दिल्या, आज एसटीत कंडक्टर हाय," हे उत्तर सभेत हमखास येतं. शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, हे बाजूला ठेवलं तरी, दोन ठेवून दिलेल्यांपैकी जे कंडक्टर झाले नाहीत ते सभेला येत नाहीत. या बोलण्यातला एक भाग मात्र खरा आहे: प्रत्येक वांड पोर आजारी नसतं. एकाच वर्गातल्या वयाने सगळ्यात लहान मुलांवर एडीएचडीचा शिक्का जास्त बसतो, हे कितीतरी देशांत आढळलंय. घाईने शाळेत घातलेलं पोर आणि त्याच्याहून अकरा महिने मोठं पोर एकाच बाकावर बसवलं तर धाकटं अस्वस्थ दिसणारच. तेव्हा निदान नीट व्हावं, एका भेटीत होऊ नये, घर आणि शाळा दोन्हीकडची विचारपूस व्हावी. यावर कुणाचंच दुमत नसावं. पण निदान चुकू शकतं म्हणून ज्यांचं निदान बरोबर आहे त्यांना उपचार नाकारायचे, हे तर्कात बसत नाही.

आता वाढ मंदावते ती कशाने, याकडे येऊ. शरीरातली सगळी यंत्रणा अजून पुरती उलगडलेली नाही, पण पहिला संशयित डोळ्यांसमोर आहे: भूक. मिथाइलफेनिडेटची साधी गोळी साधारण चार तास काम करते. सकाळी शाळेत निघताना घेतली की दुपारच्या सुट्टीपर्यंत तिचा अंमल असतो, आणि लांब पल्ल्याची गोळी असेल तर पुढेही. या काळात मुलाला भूकच लागत नाही. डबा भरलेला परत येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत तर याहून वाईट होतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला सरकार दुपारी ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनांचा आहार देतं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम. ती खिचडी ताटात पडते नेमकी तेव्हा, जेव्हा या मुलाच्या पोटाला अन्न नकोसं असतं. ज्या घराने दुपारचं जेवण शाळेवर सोडलंय, त्या घरातल्या मुलाचं दिवसातलं सगळ्यात भरवशाचं जेवण असं बुडतं. लांब पल्ल्याची गोळी संध्याकाळी सहा-सातला उतरते आणि भूक उसळून येते, तेव्हा आई रानातून नुकतीच आलेली असते आणि पोर बिस्किटाच्या पुड्यावर भागवतं. यावर उपाय आहेत आणि ते महागडे नाहीत. गोळीच्या आधी पोटभर खाणं, म्हणजे चहा-खारी नव्हे, तर भाकरी, दूध, अंडं, तुपातला शिरा, जे घरात असेल ते. रात्रीचं जेवण भरपेट, आणि झोपण्याआधी पुन्हा दूध किंवा शेंगदाण्याचा लाडू. शाळेतल्या ताटावर ओरडून जबरदस्ती नको. एवढ्या गोष्टी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला लिहायला डॉक्टरला दोन मिनिटं लागतात. पण बुटकं राहतं की नाही या भांडणात मूल खातं काय आणि कधी, हे विचारायचं राहूनच जातं.

मोजमापाची गोष्ट तर आणखी चमत्कारिक आहे. मिथाइलफेनिडेट औषध कायद्याच्या अनुसूची 'एक्स'मध्ये येतं. ते ठेवायला औषध दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, डॉक्टरला चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवावी लागते. गैरवापर होऊ शकणारं औषध आहे, त्यामुळे हे योग्यच आहे. परिणाम असा की तालुक्याच्या गावात ते सहसा मिळत नाही. पाटण-जतकडच्या पालकाला साताऱ्याला, मिरजेला, नाहीतर थेट पुण्याला जावं लागतं. सुट्टी टाकायची, एसटी पकडायची, डॉक्टरची वेळ गाठायची, मग औषध असलेलं दुकान शोधायचं. या धावपळीत मूल पुष्कळदा घरीच राहतं. बाप एकटा जातो आणि चिठ्ठी घेऊन येतो. सरकारच्या दप्तरात प्रत्येक गोळीचा हिशेब आहे. ती गोळी गिळणाऱ्या मुलाच्या सेंटिमीटरचा हिशेब कुठेच नाही. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत हे स्पष्ट लिहिलंय: उंची दर सहा महिन्यांनी, दहा वर्षांपर्यंतच्या मुलांचं वजन दर तीन महिन्यांनी, आणि दोन्ही वाढीच्या आलेखावर मांडायचं. आपल्याकडे बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने भारतीय मुलांसाठी ५ ते १८ वर्षांचे आलेख २०१५ मध्ये तयार करून दिलेत. कागद आहे, त्यावर ठिपका देणारा नाही.

सांगलीकरांना मी एवढंच विचारेन: पावसाळ्यात कृष्णेला पूर येतो की नाही, यावर तुम्ही चावडीवर वाद घालता का? आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती फूट झाली ते बघता. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, हे शाळकरी पोरालाही पाठ असतं, आणि कधी सामान माळ्यावर चढवायचं हे त्यावरून ठरतं. मुलाच्या वाढीला अशी पातळी का नसावी? पौगंडाच्या आधीचं मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. सहा महिन्यांत वजन वाढलंच नाही, तर तो इशारा. वर्षभरात उंची जेमतेम तीन सेंटिमीटर वाढली, किंवा आलेखावरची त्याची रेघ सोडून मूल खालच्या रेघेकडे सरकू लागलं, तर धोका. मोजतानाही पथ्यं आहेत. बूट काढून, भिंतीला टाच लावून, दरवेळी त्याच सुमारास मोजायचं, कारण सकाळची उंची संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर कमी भरते. आईबापांची उंचीही लिहून ठेवायची. दोघांच्या उंचीची बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे आणि निम्मे करायचे. मूल साधारण कुठवर जाईल याचा अंदाज येतो. हे गणित केलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात. बाप १६२, आई १५०, आणि पोरगं १७५ झालं नाही याचा दोष गोळीला, असं सर्रास चालतं. तेराव्या वर्षी मित्रांना मिसरूड फुटून ते ताडमाड झाले आणि आपला मागे राहिला, हेही औषधाशिवाय पुष्कळ मुलांत घडतं. पण हे सांगायला जुनी नोंद हाताशी हवी.

मोजणार कोण, असं विचारलं जाईल. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंत वजन घेतलं जातं, ही सवय या राज्याने कष्टाने लावून घेतली आहे. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. पुढच्या सात-आठ वर्षांत राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांमधलं खुजेपणाचं प्रमाण ३९ टक्क्यांवरून २४ टक्क्यांच्या आसपास आलं. नुसत्या तराजूने ते घडलं नाही, पण कुठलं मूल घसरतंय हे कळल्याशिवायही घडलं नसतं. मूल पहिलीत गेलं की ही नजर सुटते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. प्रगतिपुस्तकावर उंची आणि वजनाचा रकाना असतो, आणि तो कसा भरला जातो हे शाळेत नोकरी केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे: मागच्या सत्राच्या आकड्यात दोन मिळवायचे. हा रकाना खरा भरायला पैसे लागत नाहीत. जून आणि डिसेंबरमध्ये व्यायामाच्या तासाला पट्टी लावली तरी भागतं. औषध कुणाचं चालू आहे हे शाळेला कळायचीही गरज नाही. सगळ्यांचंच मोजावं, म्हणजे कुणा एकाकडे बोट जाणार नाही. आणि दोन प्रतींतल्या त्या चिठ्ठीवर नाव, वय, मात्रा यांच्याबरोबर आजची उंची आणि वजन लिहिण्याची सक्ती करावी. म्हणजे मूल घरी ठेवून गोळ्या आणता येणार नाहीत.

मोजून आकडा वाईट आला तर? तर पायऱ्या आहेत. आधी खाणं सुधारायचं, मात्रा कमी करून बघायची, वेळ बदलायची. अॅटोमॉक्सेटिनसारखं दुसऱ्या प्रकारचं औषध आहे. भूक तेही मारतं, पण त्याचा उंचीवरचा परिणाम बराचसा भरून निघतो असं दिसलंय. शाळेच्या सुट्टीत औषध थांबवून वाढीला मोकळीक देण्याचा मार्ग ब्रिटनच्या सूचनांतही आहे, आणि सेफर यांनीच १९७५ मध्ये दाखवलं होतं की औषध थांबलं की मुलं काही प्रमाणात मागची वाढ भरून काढतात. पण ही सुट्टी डॉक्टरशी बोलून घ्यायची असते. आपल्याकडची मे महिन्याची सुट्टी म्हणजे विहिरीत सूर मारणं, नदीच्या डोहात उतरणं, मामाची मोटारसायकल पळवणं. ज्या मुलाला उडी मारल्यावर पाण्याची खोली आठवते, त्याची गोळी नेमकी याच महिन्यात बंद करताना बापाने दहादा विचार करावा. एखाद्याला सुट्टी सोसेल, एखाद्याला नाही. मुलींचं तर बोलायलाच नको. शांत बसून स्वप्नात हरवणारी मुलगी कुणाला आजारी वाटतच नाही. निदान झालंच तर उंची आणि गोळी दोन्ही स्थळाच्या आड येतील म्हणून औषध कपाटात लपतं आणि पट्टी तर कुणी लावतच नाही.

या सगळ्या वादात मुलाला कुणी विचारलेलं नाही. आठ वर्षांच्या पोराने ठरवावं असं मी म्हणत नाही. पण पंधराव्या वर्षी ज्याला पोलिसात जायचंय, जो रोज पहाटे उठून पळतो, त्याच्यासमोर त्याच्या पाच वर्षांच्या ठिपक्यांचा कागद ठेवा. सांगा की वाढीची अजून दोन-तीन वर्षं उरली आहेत, गोळी चालू ठेवली तर एखादा सेंटिमीटर जाऊ शकतो, बंद केली तर दहावीचं वर्ष असं जाऊ शकतं. तो कदाचित म्हणेल, अभ्यासाच्या दिवसांत घेतो, रविवारी नको. कदाचित म्हणेल, परीक्षा होईपर्यंत चालू द्या, मग बघू. कदाचित त्याच्या आईबापांना आणि मला न आवडणारं काहीतरी म्हणेल. तरीही ते उत्तर त्याने स्वतःचा कागद बघून दिलेलं असेल, आणि डॉक्टरला त्यावरून पुढची चिठ्ठी लिहिता येईल.